टेपरवरचं तांबडं

घट बसले की जळगावची हवा बदलते. पाऊस गेलेला असतो आणि थंडी आलेली नसते. मधल्या त्या रिकाम्या जागेत ऊन घुसतं. नशिराबादकडच्या रस्त्यावर कापसाचे टेम्पो सुरू होतात, कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकून राहतात. चौकाचौकांत झेंडूचे ढीग पडतात. मेहरूणच्या तलावावरून संध्याकाळी येणारा वारासुद्धा कोमट असतो. कॉलेजात सबमिशनची घाई चाललेली असते, तरी मैत्रिणी म्हणतात, किती छान दिवस आहेत. मीही हो म्हणते. पण मला या दिवसांचा वास झेंडूचा येत नाही. मला नासलेल्या कूलंटचा वास येतो.

कूलंट म्हणजे मशीनवर लोखंड कापताना वरून सोडतात ते दुधाळ पाणी. मशीन चालू असली की ते खेळतं राहतं. सणाच्या सुट्टीत मशीन बंद पडली की टाकीतल्या टाकीत आंबतं. दसऱ्यानंतर वर्कशॉपचं शटर वर गेलं की माणसं आत जायच्या आधी तो वास बाहेर येतो. माझ्या भावाच्या शर्टाला तो लागलेला असतो, म्हणून वहिनी त्याचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजत घालते. परवा दोरीवर वाळणाऱ्या त्या शर्टाखालून जाताना मला तो वास आला, आणि दुपारच्या लख्ख उन्हात मी श्वास धरून भराभर पुढे निघून गेले.

असं का होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. लिहून बघते आहे.

आम्ही धुळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. भाऊ आयटीआय करून जळगावला आला, एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लागला, आणि मला इंजिनीअरिंगला जागा मिळाली तेव्हा त्यानेच आपल्या दोन खोल्यांत मला जागा करून दिली. तो व्हीएमसी चालवतो. मोठ्या कपाटाएवढी मशीन. तिच्या पोटात कापणारं हत्यार गरगर फिरतं आणि खाली टेबलावर आवळलेला लोखंडाचा ठोकळा हवा तसा कापला जातो. समोर जाड काचेचं दार असतं. भाऊ दिवसभर त्या दारासमोर उभा असतो. मी पहिल्यांदा कॉलेजला निघाले तेव्हा तो म्हणाला होता, "तू पुस्तकमधली मशीन शिक. खरी मी चालावस." आम्ही घरात अहिराणीच बोलतो. वहिनी शहरातली, तिला ती समजते पण बोलायला लाजते.

ज्या हंगामाबद्दल मी सांगते आहे तो मागच्याच्या मागच्या वर्षीचा. वहिनीला घरात येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नसतील. कॉलेजने इंटर्नशिप करायला सांगितलं होतं. मी भावाला विचारलं, भावाने शेठना विचारलं, आणि शेठनी मला टूलरूममध्ये तिथलं सगळं सांभाळणाऱ्या नानांच्या हाताखाली बसवलं.

नाना नशिराबादहून यायचे. टूलरूम म्हणजे खरं तर पत्र्याने वेगळा केलेला एक कोपरा, पण नाना त्यात चपला काढून जायचे, म्हणून मीही काढायचे. आत मांडणीवर होल्डर उभे असत. होल्डर हा मशीन आणि हत्यार यांच्यामधला दुवा. खालच्या तोंडात कटर आवळायचा. वरचा भाग गाजरासारखा निमुळता होत जातो, आणि अगदी तसाच निमुळता खळगा मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याला असतो, ज्याला स्पिंडल म्हणतात. होल्डरचा निमुळता भाग त्या खळग्यात जाऊन बसतो. त्या भागाला टेपर म्हणायचं. तो आरशासारखा घासलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना सगळीकडून भिडले पाहिजेत. मधे लोखंडाचा कीस नको, तेलाचा थर नको, केसभर काही नको.

माझं काम पुसण्याचं होतं. मशीनवरून उतरलेला होल्डर घ्यायचा, केरोसीनने धुवायचा, कोरड्या चिंधीने पुसायचा, बोटाने चाचपायचा, कटरच्या दातांचे कोपरे झिजलेत का ते उजेडात धरून बघायचं, आणि मांडणीवर परत. कापसाच्या गावातली चिंधी मऊ असते. नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चिंधी एकदा वापरली का टाकून द्यायची. मळक्या चिंधीनं पुसशीन तं घाण जात नाही, फक्त जागा बदलते."

मला ते काम आवडलं होतं. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण स्वच्छ टेपरवरून बोट फिरवताना मला शांत वाटायचं. पहिल्या वर्षापासून वर्गात मला सारखं वाटत आलं होतं की मी चुकीच्या खोलीत बसले आहे आणि कुणीतरी येऊन उठवेल. टूलरूममध्ये तसं वाटत नव्हतं.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि वर्कशॉपला त्याहून मोठा सण नाही. आदल्या दिवशी फरशी धुतली, मशीनींना झेंडूच्या माळा घातल्या. नानांनी बाकावर पांढरं कापड अंथरलं आणि सगळे होल्डर त्यावर मांडले, कटर खाली आणि टेपर वर करून. कटरची बाजू तेलकट, काळपट, शिवाय धारदार. देवापुढे मांडायचं तर चकचकीत अंगच वर हवं. ओळीने उभे केलेले ते टेपर देव्हाऱ्यातल्या चांदीच्या मूर्तींसारखे दिसत होते.

घरची माणसं त्या दिवशी वर्कशॉप बघायला येतात. वहिनी नवी साडी नेसून आली होती. नाना कुंकू कालवून प्रत्येक टेपरवर एकेक बोट ठेवत चालले होते. भावाच्या मशीनच्या होल्डरांपाशी आल्यावर ते थांबले.

"सूनबाई, ही तीन नंबरची हत्यारं. तुमच्या मान्साची. तुमच्याच हातानं लावा."

वहिनीने पदर सावरला आणि वाकून ठिपके लावले. ओलं कुंकू टेपरच्या उतारावरून थोडं ओघळलं. एका ठिपक्याला तांदळाचा दाणा चिकटून राहिला.

भाऊ मागून म्हणाला, "माले बी लाव एखादा. मी बी हत्यारच शे."

"तुझी धार गेली बे," नाना म्हणाले. "तुले भंगारात मांडतो."

सगळे हसले. वहिनीही हसली. मग ती तीन नंबरच्या मशीनपाशी गेली, हात न लावता काचेतून आत बघत राहिली, आणि भावाला हळूच म्हणाली, "यातच हात घालता का तुम्ही?"

"मशीन थांबल्यावर," भाऊ म्हणाला.

त्या हंगामातलं पुढचं सगळं आठवताना मला हे वाक्य आधी ऐकू येतं.

दसरा झाला, शटर उघडलं, वास बाहेर आला. नानांनी नारळ फोडला आणि मशीनी सुरू झाल्या. मी तीन नंबरचे होल्डर हातात घेतले. कुंकू वाळून खपलीसारखं झालं होतं. मी चिंधी उचलली तर नानांनी हात आडवा धरला.

"कुंकू पुसत नसतेत, पोरी. लावलेलं आपोआप जाते."

"पण नाना, टेपरवर आहे."

"टेपरवर आहे तं काय झालं. देवाचं आहे."

मी चिंधी खाली ठेवली. मला वाद घालता येत नाही. आणि मला त्यांचं म्हणणं कळत होतं, हेही खरं. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. ज्या गोष्टी बोलायला नकोत त्यांच्यासाठी उलट्या अर्थाचे गोड शब्द शोधून ठेवलेत. कुंकू पुसण्यासाठी मात्र असा दुसरा शब्दच कुणी शोधलेला नाही. तिथे तो एकच शब्द आहे, आणि तो तोंडातून काढायचा नाही. पाटी पुसतात, ताट पुसतात, फरशी पुसतात, माझं तर अख्खं काम पुसण्याचं. पण त्या एका लाल ठिपक्यापाशी आल्यावर हातातली चिंधी जड झाली.

थोड्याच दिवसांत तीन नंबरची मशीन आवाज करू लागली.

मोठा आवाज नव्हता. हत्यार बदलताना स्पिंडल होल्डरला सोडतो तेव्हा फुस्स करून हवा सुटते आणि होल्डर अलगद खाली येतो. आता मधेच एक 'टक्' येऊ लागलं. दात दातावर आपटल्यासारखं. कुंकू सगळ्याच मशीनींच्या होल्डरांना लावलेलं होतं, पण 'टक्' फक्त तीन नंबरला होतं. भाऊ म्हणाला, लग्नानंतर मशीनपण बोलायला लागली. मग जॉबवर, म्हणजे कापून तयार झालेल्या तुकड्यावर, बारीक लाटा दिसू लागल्या. बोट फिरवलं तर लागत नसत, उजेडात तिरपं धरलं की दिसत. कटरचे दात वेळेआधी तुटायला लागले. मी घरी जेवताना, कॉलेजात बसलेली असताना, झोप लागता लागता ते 'टक्' ऐकू लागले. जिथे नव्हतं तिथेही.

तयार मालाचा एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. शेठ टूलरूमच्या दाराशी आले. ते भावाच्याच वयाचे, कुणावर ओरडत नाहीत. म्हणाले, "नाना, तीन नंबरचे टेपर स्वच्छ करा एकदा. पूजा झाली ना आता."

ते गेल्यावर नानांनी चिंध्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तू पूस. तुझं लग्न नाही झालं अजून, तुले काही लागत नाही. मी तिकडं पाहतो." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसले.

मी केरोसीनमध्ये चिंधी बुडवली. पहिला ठिपका निघाला. दुसरा निघाला. चिंधी लाल झाली की टाकायची, नवी घ्यायची. तांदळाचा दाणा कधीच चिरडून पीठ झाला होता. खालून स्वच्छ पोलाद वर येत होतं आणि मला हायसं वाटत होतं.

मग एक ठिपका निघाला नाही.

मी जोर लावला. चिंधी बदलली. कुंकू चिंधीवर आलं, पण टेपरवर, त्याच जागी, तांबडं राहिलंच. मी होल्डर खिडकीपाशी नेला. ते कुंकवासारखं लाल नव्हतं. तपकिरी, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचं. नखाला खरखर लागली. पुढच्या होल्डरवरही तसंच, वहिनीचं बोट जिथे लागलंही नव्हतं तिथेसुद्धा. आम्ही इतके दिवस सगळ्यालाच कुंकू समजत होतो.

"नाना," मी म्हणाले, "हे जात नाही."

ते उठून आले. बोट फिरवलं, चष्मा लावला, काढला. त्यांचा चेहरा पडला.

"हे कुंकू नोहे," ते म्हणाले. "हे आतून आलेलं आहे."

माझ्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. होल्डर स्पिंडलमध्ये पुरता बसत नसला की दोन्ही पोलादं एकमेकांवर सारखी थरथरतात, आणि घासून घासून त्यांचीच तांबडी भुकटी होते. ती सांगत असते की पकड सुटत चालली आहे. परीक्षेसाठी मी तो परिच्छेद पाठ केला होता. पण पुस्तकातलं चित्र काळंपांढरं छापलेलं होतं. त्याचा रंग कुंकवाच्या इतका जवळ असतो, हे मला कळायला काही मार्ग नव्हता.

नानांनी मशीन बंद करायला लावली आणि स्पिंडलच्या खळग्यात बोट घातलं. तांबडं तिथेही होतं. हे फार वाईट असतं, कारण हा रोग लागणारा असतो. खराब होल्डर स्पिंडलला डाग देतो, आणि मग तो स्पिंडल हातात येईल त्या प्रत्येक नव्या होल्डरला डाग देत सुटतो. कुणाचं कुणाला लागलं हे मागाहून सांगता येत नाही.

शेठनी ऐकून घेतलं. म्हणाले, स्पिंडल उघडायचा म्हणजे मशीन काही आठवडे आडवी. दिवाळीची ऑर्डर निघू दे, लगेच उघडू. तोवर हळू चालवा. त्यात त्यांचं काही खोटं नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, भीतीला थोडी वाट मिळाली असती.

त्या संध्याकाळी जेवताना भावाने गंमत म्हणून सांगितलं, "आज तुनं कुंकू पुसाई गयं बरं का."

वहिनी तव्यावर भाकरी उलटत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"कुणी पुसलं?"

"मी," मी म्हणाले. "मशीनसाठी, वहिनी. टेपरवर काही राहिलं तर..."

तिने भाकरी माझ्या ताटात वाढली. रोज वाढताना म्हणायची, गरम आहे, बघ. त्या दिवशी म्हणाली नाही. नंतर ओटा आवरताना, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं."

भाऊ म्हणाला, "काय करी ऱ्हायन्यात तुम्ही दोन्ही? हत्यारनं कुंकू ते. मी आठे बशेल शे धडधाकट."

तो तसं म्हणाला आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे बघितलं. मग लगेच नजर काढून घेतली, जणू जास्त वेळ बघितलं तर काहीतरी होईल.

त्यानंतरचे दिवस चमकदार होते. आश्विनातलं ऊन, घराघरांतून झटकले जाणारे डबे आणि गाद्या. आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझी दुपार. सकाळभर चालून स्पिंडल तापलेला असायचा. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद होई, होल्डर आतच राही, आणि तापलेलं लोखंड निवता निवता आकसून त्याला गच्च धरी. सुट्टीनंतर बटण दाबलं की फुस्स होई, पण होल्डर खाली येत नसे. मग एकाने बटण दाबून धरायचं आणि भावाने प्लास्टिकच्या हातोड्याने होल्डरच्या कडेला ठोकायचं. उजव्या हातात हातोडा. डावा हात खाली, कटरच्या दातांखाली, पसरलेला. सुटला की झेलायला.

मी म्हणायचे, "भाऊ, हात काढ ना खालून."

"आपटना ते कटर जाई, जॉब जाई. हात लागना ते भरी येस."

"जेवायला जायच्या आधी होल्डर काढून ठेव मग. निवायच्या आत."

"ध्यानमा ऱ्हात नही."

एका खोक्याची जाड फळी मी टेबलावर आणून ठेवली. कटर पडला तर त्यावर पडेल. भावाने ती मुकाट्याने नीट सरकवून ठेवली, नानांकडे आणि बटण दाबणाऱ्या पोराकडे बघून डोळे मिचकावले, आणि हातोडा उचलला. डावा हात फळीच्या वर होता. त्याला त्याचं काही वाटलं नाही. सवयीचा हात तिथेच जातो.

घरी वहिनी माझ्याशी कामापुरतं बोले. पण भाऊ आला की दारातच त्याच्या हातांकडे बघे. मीही बघे. आम्ही एकमेकींना काही सांगितलं नव्हतं. ती देवघरात दिवा लावताना डोळे मिटून जास्त वेळ उभी राहू लागली होती, आणि मी टूलरूममध्ये तीन नंबरचे टेपर दिवसातून कितीदाही पुसत होते. प्रत्येक वेळी तांबडं थोडं परत आलेलं असे.

ज्या दिवशी ते झालं तेव्हा मी पत्र्याच्या आत होते. जेवणाची सुट्टी संपली होती. हातोड्याचे ठोके ऐकू येत होते, बोथट, अंतर ठेवून पडणारे. मी हातातलं काम थांबवून ऐकत होते. तेव्हा मी रोजच ऐकत असे. एक ठोका पडला आणि त्यामागून यायला हवा होता तो आला नाही. लाकडावर काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मग भावाचा आवाज, अगदी रोजचा, पाणी मागावं तसा.

"नाना, चिंधी द्या. कोरी द्या."

मी धावले. गठ्ठ्यातल्या सगळ्या पांढऱ्या चिंध्या मी उचलल्या होत्या. भाऊ मशीनला पाठ लावून उभा होता, डावा हात उजव्याने धरलेला. ते तांबडं ओळखायला मला पुस्तक लागलं नाही.

अंगठा वाचला. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस शिवलं, आतली एक शीर जोडली. डॉक्टर म्हणाले, नशीब, दात थोडा आत लागला असता तर बोटं गेली असती. नाना दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होते. मग पाणी आणायला म्हणून उठून गेले ते बराच वेळ आले नाहीत.

वहिनी आणि मी व्हरांड्यात उभ्या होतो. बाहेर कुठेतरी कुणीतरी दिवाळीचे फटाके आधीच उडवत होतं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी सरळ बोलली.

"मला खरं सांग. तू पुसलं म्हणून झालं, की तोवर कुणी पुसलं नव्हतं म्हणून?"

मी उत्तर देऊ शकले असते असं मला तेव्हा वाटत होतं. तांबडं आधीपासूनच होतं. एका रात्रीत ते होत नाही. कुंकवाने ते केलं नाही. पण कुंकवाने ते झाकलं. आणि कुंकवाचा थर मधे राहिला नसता तर पकड इतकी लवकर सुटली असती का, हे कुणालाच माहीत नाही. हे सगळं तिला सांगायचं म्हणजे तिच्या बोटाने लावलेल्या त्या ठिपक्यांपर्यंत जावं लागणार होतं. आणि ज्या बोटाने तिने ते लावले होते ते तेव्हा व्हरांड्याच्या कठड्याचा रंग खरवडत होतं.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणाले.

"तू तर शिकलेली," ती म्हणाली.

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते माझ्या आत राहिलं. आमच्या घरात मी शिकते आहे ती कशासाठी, तर असं काही झालं की कुणीतरी सांगू शकेल म्हणून. आणि पहिल्यांदाच कुणी विचारलं तर मी माहीत नाही म्हणून मोकळी झाले. पुढे दोन सेमिस्टर गेली. मी धातूंच्या झिजेवर एक पूर्ण विषय शिकले, त्यात चांगले गुण मिळाले. वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. झीज का होते ते होतं. ती दिसत असताना माणसांना दुसरंच काहीतरी का दिसतं, हे नव्हतं.

दिवाळीनंतर शेठनी शब्द पाळला. स्पिंडल उघडला, खळगा घासून आणला, तीन नंबरचे सगळे होल्डर नवे घेतले. अंगठा पूर्ण मिटत नाही तरी भाऊ त्याच मशीनवर परत गेला. मागच्या खंडेनवमीला नानांनी कुणाला काही न सांगता होल्डर मांडलेच नाहीत. मशीनच्या दारावर एक स्वस्तिक काढलं आणि झालं. या वर्षीही तसंच. वहिनी आली होती, तिने नमस्कार केला, काचेतून आत मात्र बघितलं नाही. जवळजवळ दोन वर्षं मशीन शांत होती. मला वाटू लागलं होतं की तो एक हंगाम होता, संपला.

परवा सकाळी चहा पिताना भाऊ बशीकडे बघत म्हणाला, "ती मशीन परत टक् करी ऱ्हायनी."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. या वेळी टेपरवर कुणी काही लावलेलं नव्हतं. कुणी काही पुसलं नव्हतं. दोष द्यायला कुंकूही नव्हतं, आणि ते नसणं मला जास्त भीतिदायक वाटलं. त्या वर्षी आम्हाला भांडायला निदान एक ठिपका होता.

"शेठना सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगं. दिवाळी नंतर दखू म्हणनात."

काल दुपारी मी कॉलेजच्या लायब्ररीत बसले होते. पंख्याखाली जर्नल पूर्ण करत होते. फोन थरथरला. वहिनी होती.

"त्यांचा फोन लागत नाहीये," ती म्हणाली. "रिंग जाते, उचलत नाहीत. जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला."

"मशीनवर असेल, वहिनी."

"हो. मशीनवरच असतील."

तिने फोन ठेवला नाही. मी जिन्यात येऊन उभी राहिले. मग तिची लाइन तशीच ठेवून मी भावाला फोन लावला आणि तिघांचा फोन एकत्र जोडला. रिंग गेली. गेली. थांबायच्या बेतात असताना त्याने उचलला.

"काय व्हयनं?" मागे कंप्रेसरची घरघर होती.

"काही नाही," मी म्हणाले. "सहजच."

"थांब मंग. होल्डर अटकेल शे. काढी लेस अन् बोलस. ठेवू नको."

फोन कुठल्यातरी पत्र्यावर ठेवल्याचा आवाज झाला. तो कुणाला तरी म्हणाला, "दाब रे बटण." फुस्स झालं. पहिला ठोका पडला.

"हात कुठे आहे त्यांचा?" वहिनी म्हणाली. ती मला विचारत होती, तिच्या घरातून, आणि मी जिन्यात उभी होते, आणि ऐकू तर आम्हा दोघींना सारखंच येत होतं.

ठोका. मग ठोका. दोन ठोक्यांच्या मधे तिचा श्वास ऐकू येत होता, किंवा माझा. जिन्यावरून मुलं हसत उतरली, मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली. आणखी एक ठोका. मग नाही.

कंप्रेसरची घरघर चालू होती. तेवढीच.

मग पत्र्यावरून फोन उचलल्याची खरखर झाली.

"हं, बोल आते," भाऊ म्हणाला. "काय व्हतं?"

"फोन डाव्या हातात घ्या," वहिनी म्हणाली.